प्रकाशाचा विवेक

विवेक कोठे लागतो असे कोणी विचारले, तर आपण सहसा मोठ्या जागांकडे बोट दाखवतो: सत्य आणि असत्य, नित्य आणि अनित्य, प्रपंच आणि परमार्थ. परंतु लोणावळ्याजवळच्या औंढ्यासारख्या गावातल्या एखाद्या मुलीच्या हनुवटीवर चार राठ केस उगवतात, ती ओढणीने चेहरा झाकून बसू लागते, लग्नाच्या गोष्टी निघाल्या की उठून आत जाते, तेव्हा त्या चार केसांपाशीही विवेक तितकाच लागतो. आणि तेथे तो हाताशी आला नाही, तर पोथीतून वेचलेल्या विवेकाचा तिला काय उपयोग? लेझरने केस काढण्याच्या जाहिराती आता पुण्या-मुंबईपुरत्या राहिल्या नाहीत, त्या प्रत्येकीच्या मोबाइलमध्ये आल्या आहेत, आणि हरिपाठ आटोपल्यावर मागे रेंगाळणाऱ्या लेकी-सुना दबक्या आवाजात विचारतात, "काकू, ते लेझर केलं तर काही होत नाही ना? पुढं मूलबाळ व्हायला अडचण येत नाही ना?" हा प्रश्न परमार्थाच्या बाहेरचा आहे, असे मला कधीच वाटले नाही. जो देह घेऊन आपण नामस्मरणाला बसतो त्याच देहाविषयीचा हा प्रश्न आहे, म्हणून त्याचे उत्तरही विवेकाच्या वाटेनेच शोधू.

देहाविषयी आपल्या मनात दोन टोके असतात. एका टोकाला तिटकारा, जो म्हणतो की हे मातीचे मडके, त्याचे लाड कशाला. दुसऱ्या टोकाला आसक्ती, जी आरशासमोरून हलू देत नाही आणि प्रत्येक केसात स्वतःचा अपमान पाहते. ज्या इंद्रायणीच्या काठी देहू आणि आळंदी वसली, ती आपल्या लोणावळ्याजवळच कुरवंड्याच्या डोंगरात उगम पावते. त्या काठच्या संतपरंपरेने देहाला साधन मानले, आणि साधन म्हटले की त्याची निगा आली, पण त्याची पूजा मांडणे आले नाही. विवेक या दोन टोकांच्या मध्ये उभा राहतो. अंगावर केस असणे हा दोष नाही, ते निसर्गाचे देणे आहे. आणि ते नकोसे वाटणे हेही पाप नाही, कारण तान्ह्या बाळाच्या अंगावरची लव जावी म्हणून पिठाचा गोळा फिरवणाऱ्या आज्या आणि वयात आलेल्या लेकीला हळद-बेसन लावणाऱ्या आया आपल्याच घरांत होऊन गेल्या. तेव्हा काढावेत की ठेवावेत, याचा निवाडा कोणी दुसऱ्याने करायचा नाही. काढायचे ठरले तर कसे, कधी, कोणाच्या हातून आणि काय तपासून, एवढ्याचा विचार विवेकाने करायचा आहे.

आता त्या यंत्राकडे वळू, कारण त्याच्या मुळाशीही एक प्रकारचा विवेकच आहे. पहिले लेझर १९६० साली माणिक-स्फटिकातून निघाले. पण त्या प्रखर किरणाने त्वचेवर काम करताना हवे ते आणि नको ते सारखेच भाजून निघण्याची भीती असे. १९८३ मध्ये रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या अमेरिकी त्वचावैज्ञानिकांनी दाखवून दिले की प्रकाशाचा रंग आणि त्याच्या झोताचा कालावधी नेमका निवडला, तर त्वचेतल्या हव्या त्या घटकालाच उष्णता देता येते आणि शेजारचा घटक वाचवता येतो. केसात मेलॅनिन नावाचे काळे रंगद्रव्य असते. ते हा प्रकाश शोषून तापते, आणि ती ऊब केसाच्या मुळाशी असलेल्या, नवा केस घडवणाऱ्या पेशींपर्यंत पोहोचून त्यांना निकामी करते. त्वचेचा वरचा पातळ थर झटपट निवतो, केसाचे जाड मूळ सावकाश निवते. म्हणून झोत काही सहस्रांश सेकंद इतकाच लांब ठेवतात, म्हणजे वरच्या थराला निवायला सवड मिळते आणि मुळाला मिळत नाही. भाताच्या बेणणीला खाचरात उतरलेली जाणती बाई भातासारखेच दिसणारे तण तेवढे बोटांनी ओळखून उपटते आणि रोपाला धक्का लागू देत नाही. प्रकाशाकडूनही तेच काम करून घ्यायचे असते. हव्या-नकोची ही निवड म्हणजेच विवेक, आणि लेझरची सारी सुरक्षितता या एका निवडीवर उभी आहे.

प्रत्यक्षात हे काम कसे चालते, ते जवळून पाहिले म्हणजे भीती निम्मी होते. जागेवरचे केस आधी रेझरने त्वचेलगत काढलेले असतात, कारण वर केस राहिले तर उष्णता वरच खर्ची पडते. डोळ्यांवर गडद चष्मा किंवा धातूच्या झाकण्या बसवतात, कातडीवर गार जेल लावतात किंवा यंत्राचे टोकच बर्फासारखे थंड असते, आणि मग रबर ताणून सोडावे तसा चटका दर झोताला बसतो. केस जळल्याचा हलका वास येतो. म्हणून खोलीत हवा खेळती हवी. काही वेळाने प्रत्येक मुळाभोवती तांबूस, किंचित सुजलेली टिंबे उठतात, आणि ती बहुधा काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत बसतात. ही टिंबे नेमक्या मुळाशीच उठणे, हे प्रकाशाने निवड बरोबर केल्याचे चिन्ह आहे. सबंध पट्टाच लाल होऊन आग होऊ लागली, पांढुरका पडला किंवा फोड आले, तर विवेक कोठेतरी सुटला असे समजावे, फोड न फोडता ताबडतोब डॉक्टरांना दाखवावे, आणि "होतं असं" एवढ्यावर समाधान मानू नये.

हा विवेक सुटतो कोठे, तर बहुधा आपल्या वर्णापाशी. प्रकाश ज्या मेलॅनिनला शोधत निघतो, ते केसात असते तसेच कातडीतही असते, आणि आपल्या सावळ्या कातडीत ते भरपूर असते. गोऱ्या कातडीवरचा काळा केस त्याला सहज वेगळा दिसतो; सावळ्या कातडीवर प्रकाश गोंधळतो, वरच्या थरातच खर्ची पडतो, आणि मग चट्टे येतात, काळे डाग पडतात, कधी रंग उडून पांढरे डागही राहतात. १९७५ मध्ये टॉमस फिट्झपॅट्रिक यांनी त्वचेचे उन्हाला मिळणारे प्रतिसाद पाहून प्रकार लावायला सुरुवात केली. आज त्याचे सहा प्रकार मानतात, आणि बहुतेक भारतीय तिसऱ्या ते पाचव्या प्रकारात बसतात. अशा त्वचेसाठी लांब तरंगलांबीचा प्रकाश अधिक सुरक्षित ठरतो, कारण तो वरच्या मेलॅनिनकडे कमी ओढला जातो आणि खोल उतरतो: माणिकाचा किरण ६९४ नॅनोमीटरचा, अॅलेक्झांड्राइटचा ७५५चा, डायोडचा साधारण ८०० ते ८१०चा, आणि एनडी यॅगचा १०६४चा. आपल्या वर्णाला शेवटचे दोन सामान्यतः मानवतात. शेतात काम करणाऱ्या बाईने तर आणखी एक गोष्ट जपावी. भातकापणीच्या उन्हात हात, मान, चेहरा रापलेला असतो. त्या रापलेल्या कातडीवर झोत घेऊ नये. काही आठवडे ऊन टाळून रंग मूळचा होऊ द्यावा, आणि उपचार चालू असेपर्यंत पदर, टोपी व सनस्क्रीन सोडू नये. "यंत्र कोणतं आहे, आणि माझ्या रंगाला ते चालतं का?" हा प्रश्न दारात पाऊल टाकताच विचारावा, तो विचारणे हाच विवेकाचा पहिला व्यवहार.

विवेकाला काळाचेही भान असते. केस सतत वाढत नाही. तो काही काळ वाढतो, मग मंदावतो, मग विसावतो आणि गळतो, आणि शेजारशेजारचे केस वेगवेगळ्या टप्प्यांत असतात. वाढीच्या टप्प्यातल्या केसाचे मूळच प्रकाशाच्या तावडीत नीट सापडते. बाकीचे त्या दिवशी सुटतात. म्हणून एका बैठकीत काम होत नाही, चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने साधारण सहा ते आठ बैठका लागतात, आणि त्या काळात थ्रेडिंग, वॅक्सिंग, चिमट्याने उपटणे बंद ठेवावे लागते, कारण मूळच ओढून काढले तर प्रकाशाने शोधायचे काय? रेझर मात्र चालतो; त्याने केस दाट होतात ही समजूत खोटी आहे, कापलेले टोक बोथट असल्याने ते हाताला राठ लागते एवढेच. पांढऱ्या, भुऱ्या आणि विरळ लवेत रंगद्रव्यच नसल्यात जमा, त्यामुळे तेथे लेझर चालत नाही. आणि "कायमचे" या शब्दापाशी क्षणभर थांबावे: अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या यंत्रांना मान्यता देताना केस कायमचे कमी होतात असे म्हटले आहे, ते कायमचे नाहीसे होतात असे म्हटलेले नाही. वर्षा-दोन वर्षांनी एखादी बैठक पुन्हा घ्यावी लागते. हे आधी सांगणारा आपला, आणि एका पॅकेजात जन्माची सुटका करून देणारा विकणारा, हे ओळखणे विवेकाचे काम.

आणखी एक थर सोलून पाहू. केस काढण्याआधी ते का आले, हे विचारणे हा विवेकाचा गाभा आहे. काहींच्या घराण्यातच केसांची वाढ अधिक असते, त्यात आजार काही नसतो. परंतु हनुवटी, ओठाची वरची बाजू, छाती, बेंबीखालचा पट्टा येथे जाड, काळे केस येऊ लागले आणि त्याबरोबर पाळी अनियमित झाली, मुरमे उसळली, वजन वाढले, मानेवर मखमली काळपटपणा आला, तर ते बहुधा पीसीओएसचे लक्षण असते. अंडाशय आणि इन्सुलिन यांचा मेळ बिघडल्याचा तो निरोप असतो. पुढे मधुमेह आणि वंध्यत्व यांचाही त्याच्याशी संबंध येऊ शकतो, पण वेळीच लक्ष दिले तर पुष्कळ सावरता येते. आणि काही महिन्यांतच केस झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला, डोक्यावरचे केस विरळ झाले, तर एक दिवसही न दवडता डॉक्टरांकडे जावे, कारण क्वचित त्यामागे गाठही असते. निरोप आणणाऱ्याला दारातून हाकलून दिले म्हणून निरोप खोटा होत नाही. पीसीओएस असतानाही लेझर करता येते आणि मनाला मोठा दिलासा देते. मात्र मूळ उपचार सोबत चालला नाही, तर संप्रेरकांमुळे नवे केस उगवतच राहतात. आपल्यासारख्या सावळ्या वर्णात, विशेषतः चेहऱ्यावर आणि मानेवर, कमी तीव्रतेच्या झोतांनी विसावलेली मुळे उलट जागी होऊन केस वाढल्याचीही उदाहरणे आहेत. म्हणून आधी तपासणी, मग यंत्र, हा क्रम सोडू नये.

आता त्या दबक्या प्रश्नाचे उत्तर. मूलबाळ होण्यात या लेझरने अडथळा येत नाही. त्याचा प्रकाश त्वचेत काही मिलिमीटरच उतरतो, आणि गर्भाशय व अंडाशय त्याच्या आवाक्याबाहेर फार खोल आहेत. हा दृश्य प्रकाश आणि त्यालगतचा अवरक्त प्रकाश आहे, क्ष-किरणांसारखा पेशींच्या गाभ्याची मोडतोड करणारा नव्हे, आणि त्याने कर्करोग होतो असे आढळलेले नाही. तरीही ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही, कारण तिला इतिहास आहे. १८९५ साली क्ष-किरण सापडले आणि पुढच्याच वर्षी व्हिएन्नात लिओपोल्ड फ्रॉइंड या डॉक्टरांनी पाच वर्षांच्या एका मुलीच्या पाठीवरच्या केसाळ डागावर ते सोडले. केस गळले, आणि मागाहून तेथे भरून न येणारी जखम झाली. त्यातून शहाणपण घेण्याऐवजी १९२०च्या दशकात अमेरिकेत 'ट्रायको' नावाची क्ष-किरण यंत्रे सौंदर्यगृहांत मांडली गेली, बायकांना वेदनारहित सुटकेचे आश्वासन दिले गेले, आणि वर्षांनंतर त्यांच्या चेहऱ्यांवर सुरकुत्या, व्रण आणि कर्करोग उगवले. तोही प्रकाशच होता, पण तो कशाला शिवतो आणि कशाला सोडतो, हे कोणी पाहिले नव्हते. विवेकावाचून वापरलेल्या तेजाची किंमत त्या बायकांनी मोजली. त्यांचे ऋण म्हणून तरी आपण प्रत्येक नव्या तेजाला प्रश्न विचारावेत.

पुढचा प्रश्न हाताचा, कारण यंत्रात भरलेला विवेक ते चालवणाऱ्या हाताएवढाच खरा असतो. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने २००८ मध्ये केस काढण्याच्या लेझरविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. प्रशिक्षित डॉक्टर, आधी सविस्तर चौकशी, लेखी संमती, ही त्यातली सूत्रे आहेत. म्हणून पार्लरच्या मागच्या खोलीत, कोणी तंत्रज्ञ म्हणून उभी राहिलेली मुलगी दर कमी सांगते एवढ्यावरून झोत घेऊ नये. डॉक्टर कोण, त्यांची महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी आहे का, काही बिघडले तर पाहायला कोण येईल, हे विचारावे. आधी कानामागे किंवा जबड्याखाली दोन-चार झोतांची चाचणी मागावी आणि काही दिवस थांबावे. मुरमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या, उन्हाने त्रास वाढवणारी औषधे, ओठांवर वारंवार उठणारे हर्पीसचे फोड, जखमेचा जाड वण राहण्याची प्रवृत्ती, हे न विचारता सांगावे. तीळ आणि गोंदण झाकून घ्यावे. आपल्याकडच्या बायकांच्या हनुवटीवर, कपाळावर गोंदण असते, त्या शाईवर झोत पडला तर कातडी भाजते. पापणी आणि भुवईखालचा भाग तर वर्ज्यच समजावा, कारण डोळ्याच्या आतही रंगद्रव्य आहे आणि प्रकाश तेथेही तितक्याच ओढीने जातो. गर्भारपणात गर्भाला अपाय झाल्याचा पुरावा नसला तरी खात्रीचा अभ्यासही नाही, म्हणून ते दिवस टाळण्याची रीत आहे. शिवाय त्या काळात वाढलेले केस बाळंतपणानंतर बरेचदा आपोआप गळतात.

बधिर करणाऱ्या मलमाविषयी वेगळे सांगायलाच हवे, कारण ते निरुपद्रवी वाटते. लेझरच्या आधी दुखू नये म्हणून पायांना जास्त तीव्रतेचे मलम चोपडून, वरून प्लास्टिक गुंडाळून बसलेल्या दोन तरुण मुलींचा अमेरिकेत मृत्यू झाला, आणि २००७ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने त्याविषयी जाहीर इशारा दिला. मलमातले औषध मोठ्या भागातून, उबेत, झाकलेल्या कातडीतून रक्तात भराभर शिरते आणि हृदयाची लय व श्वास बिघडवते. चटका सोसण्याची तयारी नसेल तर डॉक्टरांनी सांगितलेले मलम, सांगितलेल्या जागेवर, सांगितले तेवढेच लावावे. घरी मनाने लावून, गुंडाळून निघू नये. दुःख टाळण्याची इच्छा स्वाभाविक आहे, पण कोणते दुःख सोसावे आणि कोणते टाळावे हे निवडायलाही विवेकच लागतो. घरी वापरायच्या छोट्या यंत्रांनाही हेच लागू आहे. त्यांतली बरीचशी लेझर नसून अनेक रंगांच्या प्रखर झोताची असतात, आणि गडद त्वचेवर वापरू नका अशी सूचना त्यांच्या खोक्यावरच छापलेली असते.

सर्वांत आतला थर इच्छेचा आहे: केस जावेत, ही इच्छा कोणाची? केस आणि स्त्री यांचे नाते आपल्या महाराष्ट्राने एका फार वेदनादायी रूपात पाहिले आहे. नवरा गेला की कोवळ्या मुलीच्याही डोक्यावर वस्तरा फिरे, आणि तिला विचारण्याची पद्धत नव्हती. सत्यशोधक विचारांचे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० साली मुंबईतल्या नाभिकांनी एकत्र येऊन विधवांच्या डोक्यावर वस्तरा न चालवण्याचा निर्धार केला. ज्या हातांचा तो धंदा होता, त्याच हातांनी पोटाचा विचार मागे सारून नकार दिला. विवेक कृतीत उतरलेला पाहायचा असेल तर तो तेथे पाहावा. आज वस्तऱ्याच्या जागी प्रकाश आला, सक्तीच्या जागी जाहिरात आली, पाहायला येणाऱ्या पाहुण्यांची नजर आली, "लग्नाआधी करून घे गं" असे म्हणणारी मावशी आली. तिचे प्रेम खरे असते, तरीही उत्तर मुलीचे असावे. तिला स्वतःला केस नको असतील, त्यामुळे ती लोकांत मिसळायला कचरत असेल, तर तिने निःशंक जावे, कमावलेल्या पैशांतून जावे आणि त्याची लाज बाळगू नये. दुसऱ्याच्या नजरेखातर जायचे असेल तर तिने नाही म्हणावे, आणि आपण वडीलधाऱ्यांनी तिच्या बाजूने उभे राहावे. एकवीरेच्या डोंगरावर ओटी घेऊन चढणाऱ्या बाईला आई तिच्या हनुवटीवरून ओळखत नाही, ही आपली श्रद्धा आहे. ती श्रद्धा घरातही पाळायला हवी.

असा हा विवेक थराथराने उलगडत गेलो तर दिसते की प्रकाश रंग ओळखतो, पण माणूस ओळखत नाही. कोणाची कातडी उन्हात रापली आहे, कोणाची पाळी चुकते आहे, कोण गर्भार आहे, कोणाला मनाविरुद्ध येथे आणले आहे, हे त्याला कळणे शक्य नाही. ते ओळखणे त्या बाईचे, तिच्या डॉक्टरांचे आणि तिच्या घराचे काम. प्रशिक्षित हाती, वर्णाला साजेसे यंत्र, आधी तपासणी, उन्हापासून जपणूक आणि स्वतःची इच्छा, एवढे जुळून आले तर स्त्रियांसाठी हा उपचार बराचसा सुरक्षित आहे, असे मी भीड न ठेवता सांगते. यातले एकही कमी असेल तर थांबण्यात कमीपणा नाही. औंढ्यातल्या आणि आसपासच्या लेकींना माझे एवढेच सांगणे आहे की हा प्रश्न यापुढे दबक्या आवाजात विचारू नका. आईला घेऊन जा, डॉक्टरांसमोर बसा आणि मनातले एकेक मोठ्याने विचारा. जो तुमच्या प्रश्नांना कंटाळतो, त्याच्या यंत्रापुढे आपला देह ठेवू नका.